आवाज गेलेला माहितीपट

आमच्या फिल्म क्लबचा पहिला खेळ ठाऊक हाय का तुमास्नी? सीडी नुकत्याच आल्या हुत्या. जगातले सगळ्यात थोर माहितीपट दाखवायचं ठरलं. तालमीतालमीत जाऊन आवतण दिलं, म्हणून हॉल भरला. पुण्याहून आलेले जाणकार स्टेजवरच म्हणाले, "कोल्हापुरात कुस्ती चालते, माहितीपट चालणार नाही." आमची तोंडं पडली.

पडद्यावर नावंतला एक कोळी माणसाएवढ्या माशाशी झुंजत हुता, आणि आवाजच गेला. पैलवान उठाय लागले. तसा आमच्या क्लबातल्या बापूनं माईक धरला. बापू म्हंजे कुस्ती मैदानातला निवेदक.

"माशानं हिसडा दिला, पण गड्यानं पकड सोडली न्हाय. बसा की, निकाल लागायचाय अजून."

पैलवान बसले. कुणीतरी दाराशी हलगी घुमवली. मासा नावंत पडला तसा अख्खा हॉल उभा राहिला, फेटे उडाले.

तवर ऑपरेटरनं आवाज दुरुस्त केलता. मी जाणकारांना इचारलं, "आता आवाजासकट परत लावू का?"

एक फेटा त्यांच्या मांडीवर येऊन पडला हुता. तो डोक्यावर ठेवत म्हणाले, "लावा. पण आवाज बंदच ठेवा."