मागची सीट नसलेली गाडी

— नाही नाही, तुम्ही बसून राहा निरंजनभाऊ, मला नाही उतरायचं अजून — उतरायचं म्हणजे काय, उतरता येईल का हाच प्रश्न आहे. ही लाल गाडी इतकी खाली आहे की मी बसले नाही, सांडले हिच्यात. साडी नेसून स्पोर्ट्स कार बघायला येणारी तुमच्या दुकानात मी पहिलीच असेन, काय? असू दे, हसा. जैनाबादच्या पुलापर्यंत नेऊन आणली ना नीट? एकदाच बंद पडली, तेही ती म्हैस समोर आली म्हणून — बरं, दोनदा.

तर बघा, तुम्ही म्हणता ही सातशे किलोची, हलकी, म्हणून पळते. मान्य. पण मी बसल्यावर हलकी राहते का, ते कुठं लिहिलंय? ती निळी, चार सीटवाली, तिला टर्बो, तिला डिकी, रोजच्याला पक्की. आमचा ऋषिकेशही इंदूरहून हेच सांगतो — मम्मी, प्रॅक्टिकल सोच, नीली ही लेना — पोरानं तक्ता करून पाठवला, मायलेज, पिकअप, डिकी किती लिटरची. म्हटलं बेटा, लिटर राहू दे, केळीचा घड मावतो का ते सांग. माझी शाळा जैनाबादला, माहेरही तिथंच, दर शनिवारी भाऊ एक घड देतोच, नको म्हटलं तरी. निळीत दोन मावतील. हिच्यात स्टेपनीनंच सगळी जागा खाल्ली, घड मांडीवर घ्यावा लागेल. येताना शनवारा चौकातल्या ब्रेकरवर हिचं पोट घासलं — मी माझं आत घेतलं होतं, तरी घासलं. छत उघडायचं म्हटलं तर मे महिन्यात काय, पापड वाळवायचे का हिच्यात? गल्लीत मात्र एका झटक्यात वळली, पाहिलं ना? म्हणजे एक मार्क हिला, बाकी सगळे निळीला. मास्तरीण आहे मी, बेरीज येते मला.

तरी हिच्यातच बसलेय. हाव, ते मलाही दिसतंय.

रंगाचं नाही हो. मागची सीट. हिला मागची सीटच नाही. आता तुम्ही म्हणाल, तो तर तोटा झाला — ऐका ना. लग्नाला तेवीस वर्षं झाली, घरात तीन गाड्या झाल्या, तिन्हीत मी मागं. गाडी हे चालवणार, पुढं सासूबाई — त्यांना मागं बसलं की मळमळायचं, आणि नसतं मळमळलं तरी मोठ्यांनी पुढं बसायचं, आमच्यात तसंच असतं, माझी तक्रार नाही. मागं पाण्याची बाटली, डबे, पोरगं आणि मी. सासूबाई गेल्या त्याला दोन वर्षं झाली. तेरावं झालं, आठवड्यानं आम्ही असीरगढला निघालो, दोघंच — आणि मी जाऊन मागचंच दार उघडलं. सवय. बसलेही. यांनी आरशातून बघितलं आणि गाडी चालू केली. म्हटलं आता म्हणतील, पुढं ये. आता म्हणतील. असीरगढ आलं. दुसऱ्या दिवसापासून पुढच्या सीटवर यांची बॅग बसायला लागली — आजपर्यंत तसंच, बॅग पुढं, मी मागं, लोकांना वाटत असेल मॅडमनी ड्रायव्हर ठेवलाय. मीही नाही म्हणाले, पुढं येऊ का म्हणून. तेव्हाच म्हणायचं होतं. आता दोन वर्षांनी कसं विचारायचं, सांगा? काय कारण देऊ?

म्हणून हे. शाळेत जादा तास आहेत सांगून चार महिने गाडी शिकले, लायसन काढलं. यांना माहीत नाही. बारा वाजता या म्हटलंय, मी पसंत करून ठेवते — यांना वाटतंय चालवून बघायचं काम यांचं. निळी घेतली तर काय होणार ते आत्ताच सांगते, किल्ली यांच्याकडे, आणि मी पुन्हा डिकीच्या शेजारी. मोठी डिकी, हवेशीर. हिच्यात निदान यांच्या शेजारी तर बसावं लागेल. किंवा बॅग नेतील आणि मला घरी ठेवतील — नाही, एवढं नाही करायचे. बहुतेक. विचारलं नाही ना कधी.

तुम्ही काहून तोंड पाडलंत? अहो, दुःखाचं नाही काही, गाडीचंच बोलतेय मी.

थांबा. हे आलेच. गेटमधून — हो, ते चेकच्या शर्टातले. निळीकडं चाललेत बघा सरळ. नाही, वळले. मला बघितलं. रागावलेत का हो? तुमच्या बाजूनं नीट दिसेल. मला तर उन्हात काही कळेना.

अहो — नाही, माझं दार नका उघडू, मी नाही उतरणार. हो, येते चालवता मला. कधीपासून ते नंतर सांगते, जाता जाता. तुम्ही तिकडनं या, त्या बाजूनं. असं काय बघता, या ना.

निरंजनभाऊ, उतरा तुम्ही.