सुजूची सिस्टर

बऱ्या न होणाऱ्या लेकरांची देखभाल शिकायला भिलाईच्या एका दवाखान्यात आलेली नर्स प्रेरणा हॉलबाहेर चहाच्या रांगेत उभी होती. तिच्या पुढे, नर्सेसना आपला अनुभव सांगायला बोलावलेलं एक म्हातारं जोडपं होतं, जानराव आणि गिरजाबाई.

“नर्सबायांले मी काय शिकवू, गिरजा? जनमभर स्टील प्लांटात क्रेन चालवली.”

“आपल्या सुजूचं सांगा जी. ते केरळची सिस्टर सुई टोचाच्या पहिले विचारे, कोणत्या हाताले टोचू?”

“अन् सुजू म्हणे, तुमच्या!”

“सिस्टर खरंच आपला हात पुढे करे.”

“किती हासे पोरगी! तिले जाऊन पंधरा वर्सं झाले, ते हासणं अजून आयकू येते.”

“एक दिवस सुजूनं विचारलं, मी बरी होईन का? तं तुमी बाहेर निघून गेले.”

“मंग सिस्टर काय बोलली?”

“आज विचारून राहिले?”

“हिंमत नव्हती, गिरजा.”

“खोटं नाही बोलली. जवळ बसली, म्हणे, तुले काय वाटते? सुजू म्हणे, मले मालूम हाये. पण बाबाले नका सांगू, ते रडतीन.”

रांग पुढे सरकली. ते दोघं हलले नाहीत, अन् प्रेरणाही त्यांना ओलांडून पुढे गेली नाही.

हॉलचं दार उघडून कार्यक्रम घेणाऱ्या बाईंनी विचारलं, “पहले कौन बोलेगा, अंकल?”

गिरजाबाईंनी पदर सावरला, पण जानराव आधीच दाराशी पोचले होते.

“मी बोलतो. तू बस.”