पुसलेला कंटेनर

पुरावा स्वतःच पुसून दुसऱ्याला दोषी ठरवण्याचे पाप तुमच्या हातून कधी घडले आहे का? माझ्या हातून घडले.

आमच्या सर्व्हरवर प्रत्येक काम एका कंटेनरमध्ये, म्हणजे त्या कामापुरत्या वेगळ्या कप्प्यात, चालते. काम संपले तरी बिघाडाच्या खुणा त्यात राहतात.

“सर, संपलेले कंटेनर दोन दिवस ठेवू या,” सहकारी मेधा म्हणाली.

“अहो, निर्माल्यसुद्धा आपण रोज काढतो,” म्हणत मी सारे पुसायला लावले.

पुढे आमच्या सर्व्हरवर तयार झालेली एका महाविद्यालयाची प्रवेशयादी चुकली. खुणा उरल्या नव्हत्या. मी ठपका मेधावर ठेवला. तिची नोकरी गेली.

यंदा तीच चूक पुन्हा झाली. या वेळी मात्र मेधाच्या जुन्या सूचनेप्रमाणे कंटेनर राखला होता. त्यातल्या खुणांवरून दोष माझाच निघाला.

मेधाच्या फेरनेमणुकीचे पत्र घेऊन मी कर्वेनगरला तिच्या दारी गेलो.

“सर, काढलेले निर्माल्य पुन्हा देवाला वाहत नाहीत,” म्हणून तिने दार लावले. क्षमा मला आजही मिळालेली नाही.