गावच्या फळ्यावरची बातमी

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. बायकोला सांगेन सांगेन म्हणत राहिलो, ती गेली. तुम्ही विचारून राहिले म्हणून सांगतो, पण लिहाल तर सगळं लिहा, माझी बाजू सावरू नका.

आमचं गाव कोहमाऱ्याहून आत, धानाचं. गावचं तळं आमच्या वाडवडिलांनी बांधलं, म्हणून पाणकर आमच्याच घरचा. पाणकर म्हणजे कोणाच्या बांधीत, धानाच्या वाफ्यात, कधी पाणी सोडायचं ते ठरवणारा. आधी वडील होते, मग मी. शिकलो दुसरीपर्यंत, पण पाण्याच्या बाबतीत माझा शब्द चाले.

दोन हजार सालच्या आसपास शाळेत बोरकर सर आले. काय सांगू तुम्हाला, असा मास्तर मी पाहिला नाही. त्यांनी व्हरांड्यात एक फळा टांगला, गावचा फळा. रोज एका लेकरानं गावची बातमी लिहायची, पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली. ताराबाईची म्हैस व्याली. सरपंचाच्या कोंबड्यानं पोस्टमनला टोचलं, पोस्टमन सायकल टाकून पळाला. माणसं शेतावर जाताना थांबून वाचत, हसत. ज्यांना येत नसे ते लेकरांना विचारत, आणि विचारता विचारता दोन-चार म्हातारे वाचायला शिकले. मीही तिथंच सराव केला, खोटं कशाला बोलू.

सगळ्यांत चांगलं लिही सुषमा, चौथीतली. मजुरी करणाऱ्या घरातली पोर, बौद्ध वस्तीतली. तिचा लिहायचा दिवस असला की गर्दी होई.

त्या वर्षी भादव्यात पाऊस दडला आणि धान निसवायला आलेलं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात. पाण्याची पाळी खालच्या बांध्यांची होती. तिथंच एक बांधी सुषमाचा बाप ठेक्यानं करी. दुपारी सगळे जेवायला पलीकडं झाडाखाली गेले, तेव्हा मी पाट वळवून पाणी माझ्या बांधीत घेतलं. बापाची शिदोरी घेऊन पोर शेताच्या धुऱ्यावरून येऊन राहिली होती, ते मला दिसलंच नाही.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर: काल दुपारी पाणकर काकाजींनी पाळी नसताना स्वतःच्या बांधीत पाणी घेतलं. मी पाहिलं.

मी तडक वर्गात शिरलो. कोणं लिवलं हे? पोर उभी राहिली. मी लिवलं, काकाजी. तुमीच तं होते ना तिथं. मी म्हणालो, मास्तर, पुसा ते. सर शांतपणे म्हणाले, पुसणार नाही, पण खोटं असेल तर खाली तुम्ही लिहा, दोन्ही राहू द्या. आणि खडू पुढे केला. मी तो घेतला नाही.

घरोघर फिरलो. मास्तर शिकवत नाही, लेकरांना चहाड्या शिकवतो, ती बातमी त्यानंच रचली, असा कागद केला आणि त्यावर अंगठे घेतले. कोणी म्हटलं, काऊन करून राहिला पाणकर, बरा मास्तर आहे. पण पाणी माझ्या हातात होतं, अंगठा कोण नाही देणार. कागद तालुक्याला गेला, सरांची बदली देवरीकडं झाली. नव्या मास्तरानं फळ्यावर सुविचार लिहिला, तो वर्षभर तसाच राहिला.

पण सरांनी पोरीला सोडलं नाही. पत्रं लिहिली, पुस्तकं पाठवली, बापाला समजावून तिला गोंदियाच्या वसतिगृहात घातलं. ती शिकली, आणि तिचं पुस्तक निघालं. शाळेत सत्कार झाला तेव्हा ती लेकरांना म्हणाली, मी लेखक झाले ती या व्हरांड्यात. मी पहिल्या रांगेत होतो. पुस्तकात म्हैस आहे, कोंबडा आहे, माझी बातमी नाही. असती तर बरं झालं असतं. मला पाहून ती पाया पडायला वाकली. काकाजी, गुडघे कसे आहेत, म्हणाली. सर आता सौंदडला राहतात, जाऊन या ना एकदा.

गेलो. सर थकले होते. खाट दाखवली, चहा आला. सुषमाचंच बोलत राहिले, मग विचारलं, तळ्यात पाणी किती आहे औंदा? म्हटलं, भरलं आहे. कसे काय आले इकडं? म्हटलं, काम होतं स्टेशनावर. आणि उठलो.

दिवाळीच्या आधी सर गेले. मला एवढंच म्हणायचं होतं, सर, पोरीनं लिवलं ते खरं होतं, आणि हे तेव्हाही मला माहीत होतं.