उळिसी की अळिसी

मुलांनो, शालूआजी म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण. बंगळूरला मारतहळ्ळीत मी तिच्याकडे राहायला गेले होते, तेव्हा दुपारी जेवणं झाल्यावर ती हे बोलली. शब्द तिचे आहेत. मी फक्त पूर्णविराम दिले, तेही तिला विचारून.

माझं सगळं चाळीसगावचं वहिनी, तुम्हाला माहीतच आहे, पण पोरांसाठी सांगते. बाबा रेल्वेत, पार्सल ऑफिसात, घर स्टेशनला लागून, इंजिनाचं शंटिंग सुरू झालं की फळीवरची भांडी वाजायची आणि आम्ही भावंडं त्या आवाजातच अभ्यास करायचो. बारावी झाले आणि लग्न झालं. सासर पाचोऱ्याचं, पण हे बंगळूरला, पीण्या म्हणून कारखान्यांचा भाग आहे, तिथल्या एका छोट्या कारखान्यात, आधी लेथवर आणि मग सुपरवायझर. काय सांगू तुम्हाला, बंगळूर म्हणजे बागा असं मी ऐकलेलं, आणि येऊन पडले यशवंतपूरला, मार्केटपाशी, कांद्याच्या गोण्या आणि ट्रक आणि हमालांचा आरडाओरडा. घरमालक मराठीच, पण कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे आलेले, त्यांना सगळे अण्णा म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला अक्का.

अक्कांचं मराठी ऐकून मला पहिल्यांदा हसूच यायचं. अग शालू, सांबार स्वल्प उळिसून ठेव, पोरगी शाळेतून आली की लागेल. उळिसून म्हणजे शिल्लक राखून, जपून. आणि माझी मृणाल पाटीवर रेघोट्या मारत बसली की त्याच अक्का ओरडायच्या, ते अळिसून टाक आणि अक्षरं काढ बघू. अळिसून म्हणजे पुसून. दोन्ही शब्द कन्नडच, अक्कांनी त्यांना मराठी शेपूट लावलेलं. माझ्या कानात ते दोन्ही एकाच डब्यात पडले, आणि पडून राहिले.

मृणाल दुसरीत होती तेव्हा हे गेले. सकाळी डबा घेऊन गेले, दुपारी कारखान्यातली माणसं आली, हार्ट म्हणाली. डबा परत आणला होता त्यांनी. तो मी धुतला. लोक म्हणत होते रडू द्या तिला, रडू द्या, आणि मला रडू येत नव्हतं, काहीच येत नव्हतं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं की गाल कसा होतो, आपला असतो आणि आपला नसतो, तसं सगळं अंग. कोणी म्हणालं जेव, मी म्हटलं हो. कोणी म्हणालं झोप, हो.

कारखान्याचे मालक भेटायला आले, म्हणाले, आमच्या स्टोअरमध्ये आता कम्प्युटर येणार आहे, तुम्ही शिकून या, मी तुम्हाला तिथे बसवतो. हो म्हटलं. बायकांचं एक पॉलिटेक्निक होतं, तिथे कम्प्युटरचा दोन वर्षांचा डिप्लोमा. भावोजी, म्हणजे यांचे थोरले भाऊ, पाचोऱ्याहून आले होते. ते म्हणाले, शालिनी, दोन वर्षं मी थांबतो. पास झालीस तर इथे राहा, मी मध्ये पडणार नाही. नाही झालीस तर मृणालला घेऊन पाचोऱ्याला यायचं, घर आहे, आम्ही आहोत, परमुलखात एकट्या बाईने राहायचं नाही. चांगला माणूस हो, एक शब्द वावगा बोलला नाही. मी म्हटलं, हो.

वर्गातल्या मुली अठरा-एकोणीसच्या, मला आंटी म्हणायच्या. पुस्तकं इंग्रजी, मी मराठी शाळेतली, शब्द अडला की वर अर्थ लिहायची, अर्थ अडला की तसंच पाठ करायची. कम्प्युटरची खोली म्हणजे देवघर, चपला बाहेर, आत एसी, गारठलेली फरशी, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. लता म्हणून मुलगी शेजारी बसायची, पहिल्याच दिवशी म्हणाली, आंटी, पदर खोचा हं, मशीनने आत ओढलं तर तुम्हाला बाहेर कसं काढायचं ते सिलॅबसमध्ये नाही. सगळ्या हसल्या. मीही हसले असेन.

आणि मुनियप्पा. लॅबचे अटेंडर, रिटायर व्हायला आलेले, कपाळावर विभूती, फार कडक. फ्लॉपी म्हणजे चौकोनी तबकडी असायची पोरांनो, तिच्यावर आपलं काम साठवायचं. बाहेरून वायरस येईल म्हणून सगळ्यांच्या फ्लॉप्या मुनियप्पांच्या कपाटात, किल्ली त्यांच्या करगोट्याला. तास संपला की ते एकेकीपाशी येणार, काय करू म्हणून विचारणार, आणि सांगाल तसं स्वतःच्या हाताने काम फ्लॉपीवर घालणार नाहीतर फ्लॉपी पुसून कोरी करणार. मशीनवरचं तर रोज संध्याकाळी साफच व्हायचं. इकडे कुठल्याही बाईला अक्का म्हणतात, तसं मलाही म्हणायचे, अक्का, आमच्या गावात राहता, कन्नड बोला की. मी आपली दोन वर्षं सेव्ह माडी, सेव्ह माडी, म्हणजे सेव्ह करा, एवढंच म्हणत काढली, आणि दर वेळी ते तोंड वाकडं करायचे. पण माणूस कसा? दसऱ्याला ते मशीनची पूजा करायचे, सगळ्या मुली कुंकू लावत होत्या आणि मी आपली मागे भिंतीशी उभी, तर ताट घेऊन माझ्यापर्यंत आले, म्हणाले, अक्का, तुमच्या मशीनला तुम्हीच लावायचं. लावलं. तेव्हाही काही वाटलं नाही, पण लक्षात राहिलं बघा.

शेवटचा प्रोजेक्ट मी स्टोअरचा केला होता. कुठला माल कुठल्या खणात, किती उरला की मागवायचा. हे जेवताना बोलायचे ना, ड्रिल, टॅप, रीमर, ती सगळी हत्यारांची नावं त्यात घातली. टाइप करताना बरं वाटायचं असं म्हणणार नाही, हात चालायचा एवढंच. परीक्षेच्या आदल्या दिवशी शेवटचा तास संपला, मुनियप्पा माझ्या दोन्ही फ्लॉप्या घेऊन आले, एक रोजची आणि एक जास्तीची, आणि मला काय वाटलं कुणास ठाऊक, वाटलं आज शेवटचा दिवस, ह्यांचं मन राखावं, कन्नडमध्ये सांगावं. मी म्हटलं, अळिसी.

ते थबकले. अळिसी? मी म्हटलं, हौदु. म्हणजे हो. एल्ला? सगळं? एल्ला. एरडू? दोन्हींवरचं? हौदु, हौदु. मग ते सरी, म्हणजे बरं, म्हणाले, मला वाटलं माझ्या कन्नडवर खूष झाले. घरी आले, भात टाकला, झोपले.

सकाळी बाहेरचे परीक्षक आले. फ्लॉपी घातली, पडद्यावर आलं, फाइल नॉट फाउंड. दुसरी घातली, तेच. मुनियप्पा हात जोडून उभे, अक्का हेळिद्रु सार, म्हणजे ह्या बाईंनीच सांगितलं, मी तीनदा विचारलं. परीक्षकांनी मला विचारलं, तुम्ही काय सांगितलं? मी म्हटलं, सेव्ह करा सांगितलं, अळिसी. ते हसले, चष्मा काढून हसले, आणि मग माझ्या तोंडाकडे पाहून थांबले. म्हणाले, बाई, उळिसी म्हणजे जपून ठेवा. अळिसी म्हणजे पुसून टाका. प्रोजेक्ट नाही तर मार्क नाहीत, मी काही करू शकत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा बसा. लता हुंदके देऊन रडायला लागली. मीच तिला म्हटलं, गप गं, तुझा नंबर येईल आता.

घरी आले तर ओट्यावर भावोजी. शेवटची परीक्षा म्हणून त्या सकाळच्या गाडीने आलेले, अण्णांबरोबर कॉफी पीत बसले होते, शेजारी मृणाल. काय झालं म्हणाले. मी सांगितलं. अक्का आतून ऐकत होत्या, कपाळावर हात मारून बाहेर आल्या, अय्यो, म्हणजे माझं उळिसून-अळिसूनच नडलं की गं तुला! अण्णा म्हणाले, तू आता आत जा, आणखी काही शिकवू नकोस.

भावोजींनी बशी खाली ठेवली. म्हणाले, असू दे शालिनी, तू कष्ट केलेस. चल आता, सामान बांधू. आणि माझ्या तोंडून आलं, नाही. मलाच कळेना कोण बोललं. नाही म्हणजे? म्हणजे मी येत नाही. अग, पण ठरलं होतं ना आपलं? मी म्हटलं, ठरलं होतं, मी हो म्हटलं होतं, पण भावोजी, त्या दिवसांत मी सगळ्यांनाच हो म्हणत होते. कालसुद्धा मी हो, हो करत माझंच काम पुसायला लावलं. आता मी पुन्हा परीक्षेला बसणार आहे, आणि पुन्हा नापास झाले तरी पाचोऱ्याला येणार नाही. हे माझं घर आहे.

मृणाल एकदा माझ्याकडे, एकदा काकांकडे. भावोजींनी बशी उचलून उरलेली कॉफी संपवली आणि म्हणाले, बरं, जेवायला काय आहे?

सहा महिन्यांनी पास झाले. तोवर मालकांनी ती जागा दुसऱ्याला दिली होती, त्यांचंही बरोबर, किती थांबणार. मग मीच पीण्यात दारोदार विचारत फिरले आणि दुसऱ्या एका कारखान्यात स्टोअरला लागले, तिथूनच रिटायर झाले. भावोजी दर उन्हाळ्यात पाचोऱ्याहून पापड-कुरडया पाठवत राहिले, गेले तोवर. ते बधिरपण पुरतं गेलं असं मी म्हणणार नाही वहिनी. थोडं आहेच, पाऊस धरला की जुनं दुखणं असतं तसं. मृणाल आणि जावई जीव लावतात, खिडकीतून त्यांच्या ऑफिसांच्या काचा दिसतात, अजून काय पाहिजे.

पोरांना माझा आशीर्वाद लिहा. खूप शिका म्हणावं, आणि एखाद्या परीक्षेत राहिलात तर आधी नीट जेवा. तुम्ही राहता तिकडे थंडी फार म्हणे, पायमोजे घालून झोपा. काय गं मृणाल? चहा की कॉफी? थांब जरा, विचार करू दे. ही बघा वहिनी, विचारून तशीच उभी राहते, मी सांगेपर्यंत गॅस पेटवत नाही.