कुंदाताईंनी दिवा दाराबाहेर ठेवला

जमलेल्या आयाबायांनो, पाचोडहून आलेल्या ताईंच्या माहेरच्या माणसांनो,

मला भाषण येत नाय. पार्लरात दिवसभर माझं तोंड चालतं, पण माईक आज पहिल्यांदाच हातात घेतलाय. सांभाळून घ्या.

मी मंगल. कुंदाताईंनी सिडकोत पार्लर उघडलं तवापासनं त्यांच्या हाताखाली. मागच्या आठवड्यात ताई गेल्या. रडायचं ते घरी लई रडले. आज मला मान वर करून बोलायचंय.

नेलपेंट पुसायचं रिमूव्हर हाय ना, ते पेट्रोलसारखं पेटतं. त्याची वाफ दिसत नाय. खाली खाली पसरत जाती आन् लांबच्या ज्योतीलाबी भिडती. आम्हाला कुठं ठाऊक होतं? दुकान म्हणलं की देव आला, देव म्हणलं की सांजेचा दिवा आला. आमचा देव्हारा नखांच्या टेबलाला लागूनच होता.

ताईंनी एकदा बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं. दुसऱ्या दिवशी देव उचलले आन् बाहेर, दारापाशी बसवले.

काय गहजब झाला! ताईंच्या सासूबाई, आपल्या आत्या, म्हणल्या, "कुंदे, देवाला बाहेर काढलंस?" ताई म्हणल्या, "आत्या, तिथं देवाला हवा चांगली लागती." आत्यांनी अबोला धरला. गिऱ्हाईकं कुजबुजायला लागली. एका नवरीच्या आईनं तर शकुन चांगला नाय म्हणून लग्नाचं सगळं काम काढून घेतलं. मी म्हणलं, "ताई, दिवा आत घ्या, नायतर कुलूप लागंल दुकानाला."

ताई म्हणल्या, "लागू दे. कुलूप उघडता येतं गं मंगे. भाजलेली पोर मी तिच्या आईपुढं कशी नेऊ?"

आन् मग ती दिवाळीची सांज. पार्लर गच्च. कुणाचा तरी धक्का लागला आन् रिमूव्हरची मोठी बाटली फुटली. सगळं फरशीवर. पुसायच्या आत लाइट गेली. अंधारात एक मावशी म्हणल्या, "थांबा, माझ्याकडं काडेपेटी हाय."

ताई अशा गरजल्या! "काडी ओढू नका! बटनाला हात लावू नका! सगळ्या बाहेर व्हा!"

आत्या नुकताच दिवा लावून दारात बसल्या होत्या. आवाज ऐकला मात्र, त्यांनी दिवा उचलला आन् तडक रस्त्यापलीकडं नेऊन उभ्या राहिल्या. कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही रस्त्यावर. कुणाच्या तोंडाला फेसपॅक, कुणाचा एकच हात रंगलेला. भाजीवाले पोट धरून हसले. हसू द्या!

मग काय झालं, म्हणाल? काहीच झालं नाय. दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या, वास जाऊ दिला, फरशी पुसली, परत कामाला लागलो. आत्या त्या रात्री ताईंच्या ताटात स्वतः वाढत होत्या.

मंडळी, आग लागली असती तर पेपरात आलं असतं. लागली नाय, म्हणून ताईंचा सत्कार कुणी केला नाय. न झालेल्या गोष्टीला हार कोण घालतं? झाकण घट्ट लाव, खिडकी उघड, पाण्याच्या बाटलीत रिमूव्हर भरू नको. रोज तेच! आम्ही म्हणायचो, कटकट हाय बाई. त्या कटकटीचा मला आज लई अभिमान वाटतो.

पोरींनो, ताईंकडं शिकलेल्या सगळ्या उभ्या राहा. बिडकीनची, सोयगावची, मागं लपलेली तूबी. हात वर करा.

बघा मंडळी, नीट बघा. एकबी हात भाजलेला नाय. ही ताईंची कमाई.

पोरींनो, हात खाली घेऊ नका. असंच उभं राहून, ताईंसाठी, जरा वेळ सगळे गप्प राहू.