हरकत असल्यास कळवावे

...आणि म्हणे पारदर्शक कारभार! अहो, काच पारदर्शक असते, कबूल, पण ती कुठल्या भिंतीत बसवलीय ते तरी सांगाल की नाही? नाही, मी संशय घेत नाही हं. मी नुसतं विचारतो.

तुम्हाला सांगतो, जन्मभर कारकुनी केलेला माणूस पेपर पहिल्या पानापासून वाचतच नाही. पहिल्या पानावर जग चाललेलं असतं, तिथे आपल्याला कोण विचारतो? पण आत, खाली कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत नगरपालिकेची जाहीर सूचना असायची... तिथे आपलं असतं! कुठला रस्ता रुंद होणार, कुणाचं कुंपण आत जाणार, 'हरकत असल्यास कळवावे'. मी रोज सकाळी भिंग घेऊन दारातल्या पायऱ्यांवर बसायचो आणि अख्ख्या गल्लीला वाचून दाखवायचो. समोरचा शिंपी दुकान उघडता उघडता ओरडायचा, "काका, आज कुणाची पाळी?"

आणि एके दिवशी सूचना गायब! कोपऱ्यात गादीची जाहिरात. दुसऱ्या दिवशीही गादी. आठवडाभर गादीच! मला वाटलं, नगरपालिका तिच्यावरच झोपली असेल. बरं वाटलं हो, ती झोपलीय तोवर आपण सुखी. पण राहवेना म्हणून पेपरच्या कचेरीत फोन केला. तिथली मुलगी, आवाज नुसता पाकात घोळलेला, "काकाऽ, सूचना आता ऑनलाइन असतात."

"हे जाहीर कुठे केलं?"

"ऑनलाइन."

म्हणजे बघा! दार बंद आहे ही पाटी दाराच्या आतल्या बाजूला! मी संशय घेत नाही हं. मी नुसतं विचारतो.

तर मग एका सकाळी बघतो, आमच्या पायऱ्यांवर लालभडक रेघ! रंगाचा डबा घेऊन एक माणूस उभा. म्हणाला, "गटार रुंद होतंय, काका. पायऱ्या जाणार. नोटीस होती की!" अहो, आमचं जोतं उंच. पायऱ्या गेल्या तर घराबाहेर पडायचं कसं, उडी मारून? माझं सोडा, पण हिचे गुडघे! ही दारात उभी राहून म्हणते कशी, "अहो, गल्लीभराच्या नोटिसा वाचल्यात, आपली तेवढी राहिली?" असा अपमान माझ्या साहेबानेसुद्धा कधी केला नव्हता.

तडक नगरपालिकेत गेलो. खिडकीतल्या तरुणाने मान वर केली नाही, तेवढी जुनी परंपरा टिकवलीय. "साइटवर बघा ना, काका. घरबसल्या सोय आहे." घरबसल्या! आमच्या घरात बसलं की फोनची रेंज जाते. सगळ्या गल्लीत रेंज येते ती एकाच ठिकाणी. कुठे? आमच्या पायऱ्यांवर! रेघ मारलेल्या! आता हा योगायोगच असणार. मी संशय घेत नाही हं...

तर बसलो पायऱ्यांवर. मी, सूनबाई, तिचा फोन, शिंपी आणि शेजारच्या वहिनी. चाक फिरतंय... फिरतंय... आणि सूनबाई म्हणते, "बाबा, तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा म्हणतायत." मी! ज्याला कचेरीत सगळे यंत्र म्हणायचे, त्याने आता उलट सिद्ध करायचं! कसं? तर पायऱ्या दिसतात ती चित्रं निवडा. पायऱ्या! मला! निवडल्या, तर म्हणे चूक. एका चित्रात पायरीचा नुसता कोपरा होता. शिंपी म्हणतो, "धरा!" वहिनी म्हणतात, "मुळीच धरू नका!" कोपऱ्याला पायरी म्हणायचं का, यावर गल्लीत अशी जुंपली की विचारू नका. शेवटी एकदाची उघडली साइट. होती हो सूचना! आमच्या घर नंबरासकट! आणि खाली, 'मुदत संपली. एकही हरकत आली नाही. नागरिकांच्या सहकार्याबद्दल आभार.'

आभार!

गेल्या पायऱ्या. आता तिथे गटार, गटारावर फळी, फळीवर स्टूल. ही उतरते ती एक हात माझ्या खांद्यावर ठेवून आणि तोंडाने माझाच उद्धार करत. आणि रेंज? ती पायऱ्यांबरोबर सरकली ती थेट रस्त्याच्या मधोमध. म्हणून रोज सकाळी मी रस्त्याच्या मधोमध उभा, फोन डोक्यावर धरून. चुकून स्टूल काढायची सूचना निघाली तर? मागून हॉर्न वाजतायत, आणि शिंपी दुकानातून, "काका, आज कुणाची पाळी?"

काल उघडली हो साइट. चित्रंबित्रं न विचारता, झटकन! ताजी सूचना होती, 'रस्त्याच्या मध्यभागी उभे राहून रहदारीस अडथळा आणणाऱ्यांवर कारवाई करण्यात येईल. हरकत असल्यास कळवावे.'

मुदत? परवाच संपली.

नाही, मी संशय घेत नाही हं. मी आता विचारतसुद्धा नाही.